देवाला अरे, मला अहो

अंगणात सुपारी पडली की आमच्या घरात चालायच्या वाटा बदलतात. विहिरीकडे जायचं तर ओटीवरून सरळ उतरता येत नाही. पडवीच्या कडेने, तुळशीला वळसा घालून, खांदा भिंतीला घासत जावं लागतं. कुणी आलं तर लांबूनच ओरडून सांगावं लागतं, "डावीकडून या, डावीकडून." मांजर तेवढं मधून जातं, एकही सुपारी न हलवता. पहिले चार दिवस अंगण केशरी असतं, मग रंग उतरत जातो, साल करडी पडते आणि एक ओलसर, आंबूस वास घरभर सुटतो. आमच्या दोन खोल्यांत उतरणाऱ्या पाहुण्यांना तो सोसत नाही. "काही सडलंय का?" असं ते विचारतात. मी सांगतो, "सडलं नाही, वाळतंय." सुपारीला चाळीस उन्हं लागतात. ढगाळ दिवस मी त्यात धरत नाही.

यंदाही सुपारी पडली आहे, मार्गशीर्ष लागला आहे, आणि या वासाबरोबर दोन वर्षांपूर्वीचा हंगाम परत येतो. त्या हंगामात मी माझ्या बायकोचा मत्सर करायला लागलो. हे लिहिताना बरं वाटत नाही. हेवा, असूया, चुटपुट असे सौम्य शब्द लावून पाहिले. ते बसत नाहीत. मत्सरच होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

माझं आयुष्य मोजण्यात गेलं. न्हावा शेव्याच्या बाजूला एका गोदामात कंटेनरमधून उतरणारी खोकी मोजायचं काम मी सव्वीस वर्षं केलं. चार उभ्या रेघा आणि पाचवी त्यांना छेदून आडवी, अशा जुड्या पाडत जायच्या. आठवडाभर उरणला खोली, शनिवारी नागावला घर. एकदा बाराशे खोक्यांत एक कमी भरलं. हमाल म्हणाले, "सोडा ना साहेब, एकाने काय होतंय." मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावलं. ते खोकं दुसऱ्या एका फाटक्या खोक्यात रुतून बसलं होतं. त्या दिवशी माझ्याशी कुणी बोललं नाही, पण मला झोप छान लागली.

देवाचंही मी तसंच केलं. वडील गेल्यावर घरातला सप्ताह माझ्याकडे आला. दत्तजयंतीच्या आधी सात दिवस पोथीचं पारायण. रोजचे अध्याय ठरलेले, आसन तेच, वेळ तीच, एकवेळचं साधं जेवण, जमिनीवर चटई. दरवर्षी रजा टाकून यायचो. एकदाही चुकलो नाही. एक ओवी गाळली नाही. आणि एकोणतीस वर्षांत मला काही झालं नाही. हेही तितक्याच सरळपणे सांगायला हवं. लोक सांगतात, अंगावर काटा येतो, कुणीतरी मागे उभं असल्यासारखं वाटतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते धुपाने. मी वाट पाहत राहिलो. मला वाटायचं, भरत आलं असेल, अजून थोडं कमी असेल.

वासंती, म्हणजे माझी बायको, चौलची. लग्न होऊन आली तेव्हा तिने पहिल्याच मार्गशीर्षात विचारलं होतं, "पोथी मीपण वाचू का?" मी म्हटलं, आमच्याकडे बायका ती वाचत नाहीत. माझ्या वडिलांनी माझ्या आईला हेच सांगितलं होतं आणि मी तेच शब्द उचलले. का वाचत नाहीत, हे मी त्यांना विचारलं नव्हतं आणि तिनेही मला विचारलं नाही. ती नैवेद्याचं करायची आणि स्वयंपाकघरातून जेवढं ऐकू येईल तेवढं ऐकायची.

तिची आई शेवटची तीन वर्षं आमच्याकडेच होती. अंथरुणावर. मी शनिवार-रविवारचा माणूस. करणारी वासंती. उचलणं, पुसणं, भरवणं, कूस बदलणं, आणि या सगळ्याबरोबर दोन्ही वेळचा देवापुढचा दिवा. दोन वर्षांपूर्वी गणपतीनंतरच्या आठवड्यात आई गेल्या. शेवटचे चार दिवस त्यांना फार जड गेले. श्वास लागायचा आणि त्या वासंतीचं मनगट घट्ट धरून ठेवायच्या. तोवर मी नोकरी सोडून घरी आलो होतो, तेव्हा ते चार दिवस मीही पाहिले. सुतक फिटलं त्या संध्याकाळी मी म्हटलं, "दिवा?"

"आजपासून तुम्ही लावा," वासंती म्हणाली. "मला त्याच्याशी बोलायचं नाही."

एवढंच. रडणं नाही, आदळआपट नाही. देवघरासमोरून जाताना ती मान वळवायची, जशी गावातली माणसं बांधाचं भांडण झाल्यावर वळवतात. दिवा मी लावायला लागलो. त्या तीन महिन्यांत मी तिला समजावलं नाही, कारण मला काय समजवायचं ते माहीत नव्हतं. पण घरात आपल्यापेक्षा कमी देवभोळं कुणीतरी आहे, याचा मला एका कोपऱ्यात बरा आधार वाटला, हेही खरं.

त्या साली सप्ताहाला बसताना मी प्रथमच स्वतःसाठी नाही, तर तिच्यासाठी संकल्प सोडला. हिचं मन पुन्हा वळू दे. हातावरचं पाणी ताम्हनात सोडताना मला स्वतःचं फार बरं वाटलं. बाहेर अंगणात सुपारी वाळत होती, समुद्रावरून पाहुण्यांच्या बोटींचा घरघराट येत होता आणि स्वयंपाकघरात वासंती वाल सोलत होती. तिच्या मांडीजवळ एक पुस्तक उलटं पडलेलं मी पाहिलं होतं. तेव्हा त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

पाचव्या दिवशी नैवेद्याचा भात करपला. पंचवीस वर्षांत भात करपला नव्हता. मी बोललो नाही, कारण सप्ताहात रागावायचं नसतं, पण लक्षात ठेवलं. सातव्या दिवशी समाप्ती झाली. बापूगुरुजी आरतीची तयारी करत होते, ओटीवर शेजारपाजारची पंधरा-सतरा माणसं. आणि वासंती आतून आली, पदर खोचलेला, हाताला पीठ, आणि माझ्या हातातली काडेपेटी घेऊन तिने निरांजन लावलं. पंच्याऐंशी दिवसांनी. निरांजनाकडे पाहून ती काहीतरी पुटपुटली. मला ऐकू आलं नाही, पण ओठांवरून तो श्लोक नव्हता एवढं कळलं.

वाटलं, फळलं. एकोणतीस वर्षांनी एकदाचं काहीतरी माझ्या नावावर पडलं. शेजारच्या सुमनमावशींनी तर जेवणाच्या पंगतीतच सांगून टाकलं, "वासंती, नवऱ्याचं पारायण फळलं बघ गो तुझ्या!"

मी मान खाली घातली. नम्रपणे. वासंती कढी वाढत होती. ती म्हणाली, "पारायणाचं मला माहीत नाही मावशी. मी एक कादंबरी वाचली."

पंगत थांबली. बापूगुरुजींचा घास हातात. मग कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि सुमनमावशी म्हणाल्या, "मग कशाला भटाला दक्षिणा, एक कपाट घ्या पुस्तकांचं!" वासंतीही हसली. कढी माझ्या पानात आली तेव्हा मी हात आडवा केला. आवडती कढी होती.

ती कादंबरी आमच्याकडे कशी आली? दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याच्या एक शिक्षिका तीन दिवस उतरल्या होत्या, त्यांची उशीखाली राहिली. वासंतीने फोन केला तर त्या म्हणाल्या, "अहो, राहू द्या तुमच्याकडेच. मला काही ती फारशी जमली नाही, अर्ध्यावर सोडली." हे मला नंतर कळलं आणि जिव्हारी लागलं. ज्या पुस्तकाने माझ्या सप्ताहावर मात केली, ते एका बाईने अर्ध्यावर टाकून दिलेलं होतं.

बापूगुरुजींना माझं तोंड दिसलं असावं. दोन दिवसांनी ते मुद्दाम आले. म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. पारायण वाया जात नाही. तुमच्या संकल्पाचं फळ पुस्तकाच्या रूपाने आलं, असं समजा." मला एकदम हलकं वाटलं. संबंध दिवस मी त्या हलकेपणात काढला. मग संध्याकाळी पाहुण्यांची वही काढली. मी प्रत्येकाची येण्या-जाण्याची तारीख लिहून ठेवतो. शिक्षिकाबाई भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गेल्या होत्या. माझा संकल्प मार्गशीर्ष शुद्ध नवमीचा. पुस्तक महिनाभर आधी आलं होतं, आणि वासंतीने ते संकल्पाच्या आधीच वाचायला घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी गुरुजींना हे सांगितलं. ते म्हणाले, "देवाला आगाऊ कळलं असेल."

"मग संकल्प कशाला सोडायचा?"

गुरुजी उपरणं सारखं करत म्हणाले, "चहा होईल का?"

दिवस पुढे गेले. सुपारीला वीस उन्हं झाली, पंचवीस झाली. सकाळी दव सुकलं की ती फळीने उलथायची, हे काम वासंतीचं. एके दिवशी मी वाडीत पाटाचं पाणी वळवायला गेलो होतो. पोफळींच्या रांगांतून अंगण दिसत नाही, पण बोलणं ऐकू येतं. वासंती कुणाशी तरी बोलत होती. मोकळी, थोडी लाडात, थोडी भांडणाच्या सुरात.

"काय रे, काल किती दव पाडलंस? ही सगळी उलथायला काय तू येणार आहेस? नुसता बसतोस वर. माझ्या आईच्या वेळी असाच बसून राहिलास. ते मी विसरले नाही हां, सांगून ठेवते."

मी थबकलो. कोण आहे अंगणात? हा सूर माझ्या ओळखीचा होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्ष-दीड वर्षात, कुणी आसपास नसताना, ती माझ्याशी असं बोलायची. तेव्हा एकदोनदा तोंडून 'अरे' निसटलं होतं. मग घर, सासूबाई, माझं शनिवारचं येणं, आणि ते 'अहो' कायमचं बसलं. पाय न वाजवता मी पुढे गेलो. अंगणात ती एकटी होती. फळी हातात, तोंड आभाळाकडे.

वरून हसणं ऐकू आलं. नथू पाडेली, जो आमच्या पोफळींवर चढून घड उतरवतो, तो एका शेंड्याला बिलगून होता. मला पाहून तो सरसर खाली सरकला आणि त्याने हळूच सांगितलं, "भाऊ, वैनी देवाशी बोलतान. रोजचाच हाय. पयल्या दिवशी मना वाटला मनाच बोलतान, घाबरून दोन कच्चे घड पाडले मी."

"मग आता?"

"आता आयकतो वरून. बरा वाटतं. न्हाय तर वर कोन बोलतंय आपल्याशी?"

म्हणजे नथूलासुद्धा त्यातून काही मिळत होतं. पाटाचं पाणी भलत्याच आळ्यात गेलं होतं, ते मी वळवलं. देवाला अरे, मला अहो. दिवसभर हेच डोक्यात. मला दोघांचाही मत्सर वाटत होता. तिला देव मिळाला म्हणून तिचा, आणि त्याला ती मिळाली म्हणून त्याचा.

त्याच महिन्यात आम्ही चौलला दत्ताच्या डोंगरावर गेलो. पायऱ्या मी दरवर्षी मोजतो आणि दरवर्षी आकडा एक-दोनने वेगळा येतो. कारण एखादी पायरी अर्धी मोडकी असते आणि ती धरायची की नाही हे ठरत नाही. त्या वर्षी शंभराच्या पुढे गेलो आणि वासंती म्हणाली, "ते समोर बघा, खाडी किती चमकतेय." आकडा गेला. वर मी रांगेत उभा राहून नीट दर्शन घेतलं, प्रदक्षिणा घातल्या. ती बाहेरूनच हात जोडून कठड्यावर शेंगदाणे खात बसली होती.

"झालं तुझं?" मी विचारलं.

"झालं."

"इतक्यात?"

"मग काय मागायचं होतं? सकाळीच बोलणं झालं."

मी शेंगदाणे घेतले नाहीत. लहान मुलासारखं वागणं ते, कळत होतं.

शेवटी मी ठरवलं की ती कादंबरी आपण वाचायची. जे तिला मिळालं ते त्या पानांत कुठेतरी असणार. म्हणजे ते मलाही मिळायला हवं. सकाळी नऊला ती गळलेली सुपारी वेचायला वाडीत गेली की मी रिकाम्या पाहुण्यांच्या खोलीत जाऊन बसायचो. आंघोळ करूनच. तोंड पूर्वेला, ते सवयीने. पानं मोजली. तीनशे त्रेचाळीस. साताने भागली, रोजची एकोणपन्नास, बाकी शून्य. मला तो शुभसंकेत वाटला. सात दिवसांत पुस्तक संपवलं. एक ओळ गाळली नाही.

गोष्ट साधी होती. एका खाडीवर तर, म्हणजे माणसांना पलीकडे नेणारी होडी, चालवणारी बाई. नवरा समुद्रात गेला तो परतला नाही. ती रोज संध्याकाळी तर काठाला लावली की उभी राहून मोठमोठ्याने देवाला शिव्या घालते. गाव तिला वेडी म्हणतं. देवळात घेत नाही. पलीकडच्या वाडीतला एक आंधळा म्हातारा मात्र रोज स्वतःची लहान होडी घेऊन एकटा खाडीत जातो आणि परत येतो. शेवटी शेवटी ती त्याला विचारते, तुला दिसत नाही, मग काठ कसा सापडतो? तो म्हणतो, तुझ्या शिव्या ऐकू येतात ना, त्या रोखाने वल्हवतो. झालं. पुढे तीसेक पानं आहेत. पण तिथे काही घडत नाही.

सातव्या दिवशी पुस्तक मिटलं आणि मी थांबलो. बाहेर नारळाची झावळी पडली, मांजर दचकलं. बाकी काही नाही.

दोन दिवसांनी वासंती पुस्तक घेऊन पायरीवर आली. "हे तुम्ही केलंत?"

"काय?"

"एकोणपन्नासाव्या पानावर पेन्सिलीची रेघ. अठ्ठ्याण्णवावर रेघ. एकशे सत्तेचाळीस..." ती पानं उलटत होती. "अहो, तुम्ही काय कादंबरीचा सप्ताह लावलात?"

मी पायाशी पडलेली सुपारी उचलून अंगणात टाकली.

"आणि इथे तर वाक्यच अर्धं आहे! 'तिनं वल्हं उचललं आणि' आणि काय ते दुसऱ्या दिवशी?"

"त्या दिवसाची पानं पुरी झाली होती."

ती हसायला लागली ती थांबेचना. पायरीवर बसली, पदर तोंडाला लावला. "बिचारी बाई! चोवीस तास वल्हं वर धरून उभी राहिली तुमच्यापायी!"

मलाही हसू आलं, पण ते मी बाहेर येऊ दिलं नाही. मी म्हटलं, "पुस्तकात चूक आहे. साठाव्या पानावर नवरा जाऊन नऊ वर्षं झाली म्हणतात, दोनशे बाराव्या पानावर अकरा. मधे पावसाळा एकच गेलाय."

"तिला भान नसेल मोजायचं."

"लेखकाला असायला हवं."

वासंती हसायची थांबली. "माझी आई किती दिवस अंथरुणावर होती?"

"अकराशे चौदा."

"मला विचाराल तर एकच दिवस होता. संपतच नव्हता." तिने पुस्तक मांडीवर ठेवलं. "तो म्हातारा बोलला ना, त्या पानावर मी भात करपवला. मी तीन महिने मान वळवून चालत होते. मग वाटलं, समोर कुणी नसतंच तर मी मान कुणापासून वळवत होते? रागावले होते कुणावर? इतकं भांडायला समोर कुणीतरी असावं लागतं हो."

मी म्हटलं, "मी वाचलं ते पान. मला तसं काही वाटलं नाही."

"तुमचं कुठे भांडण आहे त्याच्याशी?" ती उठली. "तुम्ही कधी बोलताच कुठे? तुम्ही हजेरी लावता."

तिने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. म्हणूनच तो लागला. मी पंधरा दिवस तुटक वागलो. पाहुण्यांसमोर मात्र नीट. ती पुस्तक दुसऱ्यांदा वाचत होती, मग तिसऱ्यांदा, कधी मधूनच उघडून, कधी शेवटापासून. "हे माझं पारायण," असं एकदा सुमनमावशींना म्हणाली. मी ऐकलं आणि खोबरं किसताना बोट कापून घेतलं. रागात किसलं की असं होतं.

आज मागे वळून पाहताना एक गोष्ट नजरेतून सुटत नाही. मला तिच्या सुखाचा त्रास होत नव्हता. त्रास होता तो क्रमाचा. मी आधीपासून रांगेत होतो. मी सगळं केलं होतं, जसं सांगितलं तसं, आणि जिने पाठ फिरवली होती तिला बाजूने बोलावून आत घेतलं. कुणाकडे तक्रार करायची? गोदामात असं झालं असतं तर मी लेखी दिलं असतं.

यंदा सप्ताहाच्या आधी मी एक मोठेपणा केला. म्हटलं, "वासंती, यंदा पोथी तू वाच. ते बायकांचं वगैरे काही खरं नाही. माझं चुकलंच." मनात चित्र होतं की तिचे डोळे भरतील. ती वालाला फोडणी देत होती. "आता कशाला?" ती म्हणाली. "तुम्हाला कंटाळा आला का? पाठ दुखते का बसून?" खरोखरच्या काळजीने विचारलं. पंचवीस वर्षं मी जिला दाराशी उभं ठेवलं, ती केव्हाच मागच्या दाराने आत जाऊन बसली होती, आणि मी आता पुढचं दार उघडून 'या, या' करत होतो.

तेव्हा यंदाही मीच बसलो. एकतिसावं वर्ष. परवाचा, सहावा दिवस. ऊन नुकतं अंगणात आलं होतं. मी ओवीमागून ओवी म्हणत होतो आणि बाहेर फळीचा आवाज, सुपारीचा खळखळाट आणि वासंतीचं बोलणं. आज ती भांडत नव्हती. काहीतरी सांगत होती, आणि मधेच हसली. असं हसली की जणू पलीकडून कुणी खरोखरच मजेशीर उत्तर दिलं होतं. माझी जीभ ओव्या म्हणतच राहिली. तिला सवय आहे. पण मी कुठल्या ओळीवर आहे ते मला कळेना. आणि मग जीभही थांबली.

अध्याय सुरू झाल्यावर मधे बोलायचं नाही, हा पहिला नियम. बोललं तर पारायण मोडतं. मी मान वर केली आणि समोरच्या तसबिरीला म्हटलं, "तिच्याशी बोलतोस!" आवाज मोठा निघाला. "तिने तुझं तोंड बघितलं नाही तीन महिने, आणि तिच्याशी हसतोस. मी इथे तीस वर्षं बसतोय रे. तीस! मला एकदा नुसतं हूं तरी म्हणायचं होतंस!"

बाहेरची फळी थांबली. वासंती दारात आली, हाताला सुपारीची धूळ. "कुणाशी बोलताय?"

दोन वर्षांपूर्वी पोफळींआड उभा राहून मी हाच प्रश्न मनात विचारला होता. तिच्या चेहऱ्यावर जरासं तेच दिसलं का, की मलाच तसं पाहायचं होतं, ते ठरवता येत नाही. कान तापले होते. डोळ्यांत पाणी होतं, आणि धूप अजून लावलेला नव्हता. तिने उघड्या पोथीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मधेच सोडलात अध्याय?"

"हो."

आता मी पुन्हा पहिल्या अध्यायापासून म्हणेन याची ती वाट पाहत असावी. मीही पाहत होतो. मग तिने हात पदराला पुसले आणि म्हणाली, "चालू द्या." आणि गेली. वाचन चालू द्या की भांडण, ते तिने सांगितलं नाही.

हूं आलं नाही. तिला तरी ते येतं का, की ती एकटीच हसते, हे विचारायची माझी अजून हिंमत नाही. येतं म्हणाली तर मला सहन होणार नाही, आणि नाही म्हणाली तरीही होणार नाही. मी पोथीवर हात ठेवला. मग जे बोलायचं राहिलं होतं, ते आधी बोलून घेतलं. बरंच निघालं.